पंपघरांतील यंत्राचा पत्ता कोणाच्या दप्तरीं?

सहकारी उपसा सिंचन योजना, दूध शीतकरण केंद्रें, द्राक्षांचीं शीतगृहें आणि अलीकडे ठिबकांतून खतें सोडणाऱ्या कित्येक बागाइतदारांच्या खोल्या, या सर्व ठिकाणीं गेल्या कांहीं वर्षांत एक लहानशी पेटी येऊन बसली आहे. तिला व्यवहारांत पीएलसी म्हणतात. ही पेटी बोलेनाशी झाली कीं सभासद म्हणतात, कार्ड जळालें; कंत्राटदार म्हणतो, नवें मागवावें लागेल; आणि कमिटी मुकाट्यानें बिल मंजूर करते. आमचें म्हणणें असें आहे कीं या तक्रारींपैकीं बऱ्याच तक्रारींत कांहींच जळालेलें नसतें. यंत्र सुस्थितींत असतें; फक्त त्याचा पत्ता हरवलेला असतो. आणि तो सांपडत नाहीं याचें कारण, तो संस्थेच्या दप्तरीं कधीं लिहिलेलाच नसतो. तो कंत्राटदाराच्या माणसाच्या लॅपटॉपांत असतो, व तो माणूस एव्हांना दुसरीकडे नोकरीस लागलेला असतो.

आम्ही तीस वर्षें महसूल खात्याच्या दप्तरांत काढलीं व निवृत्तीनंतर आमच्या गांवच्या उपसा सिंचन संस्थेचें मानद चिटणीसपद पत्करलें. दप्तरी माणसास जिकडे तिकडे दप्तरच दिसतें असें कोणी म्हणेल, तर म्हणो. परंतु ज्या जमिनीचा गट नंबर ठाऊक नाहीं तिची मोजणी होत नाहीं, तिच्यावर बोजा चढत नाहीं व तंटा पडल्यास त्याचा निकालही लागत नाहीं, हें प्रत्येक खातेदार जाणतो. यंत्राच्या पत्त्याची गोष्ट याहून निराळी नाहीं.

प्रथम हें यंत्र काय आहे तें थोडक्यांत सांगतों. पूर्वीं कारखान्यांतील यंत्रें कोणत्या क्रमानें चालावीं व थांबावीं हें रिले नांवाच्या शेंकडों चुंबकी खटक्यांच्या कपाटांत तारा जोडून ठरवीत असत. क्रम बदलावयाचा तर तारा उपटून पुन्हां जोडाव्या लागत. अमेरिकेंत जनरल मोटर्स कंपनीच्या हायड्रामॅटिक विभागानें १९६८ सालीं या कपाटांस पर्याय मागितला, आणि रिचर्ड मॉर्ली व त्यांचे सहकारी यांनीं मॉडिकॉन ०८४ हें यंत्र पुढें आणलें. तारांच्या जागीं लिहिलेली आज्ञावली आली. आपल्या पंपघरांतील पेटी ही त्याच घराण्यांतील होय. हौदाची पातळी, नळांतील दाब, मोटारीचा प्रवाह हीं ती क्षणोक्षणीं वाचते, व आज्ञावलीप्रमाणें स्टार्टर लावते किंवा पाडते.

आमच्या योजनेंत नदीकांठीं जॅकवेल व तीन पंप आहेत, आणि अडीच किलोमीटरवर माळावर वितरण हौद आहे. दोन्हीं ठिकाणीं एकएक पीएलसी आहे. वरचें यंत्र हौदाची पातळी बिनतारी दुव्यानें खालच्या यंत्रास कळवितें, व खालचें यंत्र त्याप्रमाणें पंप चालवितें. पॅनेलच्या दारावर एक पडदा आहे, त्यावर हे आंकडे दिसतात. एवढ्या लहान योजनेंतही पत्ते लागणारीं यंत्रें सहा आहेत: दोन पीएलसी, एक पडदा, दोन बिनतारी पेट्या व एक राउटर. कोणी कॅमेरा बसविला कीं सात झालीं.

येथें एक भेद नीट लक्षांत घ्यावा, कारण पुष्कळ खर्च याच्या अज्ञानानें होतो. पत्ता हरवला म्हणजे यंत्र मेलें असें नव्हे. खालच्या पीएलसीचें पोटांतील काम चालूच असतें. परंतु वरच्या हौदाची पातळी कळेनाशी झाली म्हणजे, हौद फुटून वाहूं नये म्हणून, चांगली आज्ञावली कांहीं सेकंद वाट पाहून पंप बंद करते. हें तिचें शहाणपण आहे, बिघाड नव्हे. पडद्यावर आंकड्यांच्या जागीं फुल्या येतात, पंप थांबतात, आणि पाटकरी फोन करून सांगतो कीं सगळें बंद पडलें. वस्तुतः बंद पडलेलें असतें तें दोन यंत्रांमधील बोलणें.

आतां पत्ता म्हणजे काय तें पाहूं. आयपी पत्ता हा टिंबांनीं तोडलेल्या चार आंकड्यांचा असतो, व त्यांतील प्रत्येक आंकडा ० ते २५५ यांमधील असतो, उदाहरणार्थ, १९२.१६८.१.१०. त्याच्या जोडीस सबनेट मास्क नांवाचे दुसरे चार आंकडे असतात, बहुधा २५५.२५५.२५५.०. या मास्काचें काम एवढेंच कीं पत्त्याचा कोणता भाग गांवाचा व कोणता गटाचा हें सांगणें. जेथें २५५ आहे तो भाग गांव, जेथें ० आहे तो गट नंबर. म्हणून वरील मास्क असतां १९२.१६८.१.१० व १९२.१६८.१.२० हीं एका गांवचीं यंत्रें होत. तीं एकमेकांशीं सरळ बोलतात. १९२.१६८.०.२० हें परगांवचें झालें. तार जोडलेली असो, दिवा लागलेला असो, तें आपल्या यंत्राशीं सरळ बोलणार नाहीं. परगांवीं जाण्यास वेशींतून जावें लागतें, आणि त्या वेशीस गेटवे म्हणतात. अशा गांवांत शेवटचा आंकडा ० व २५५ हे राखीव असून १ ते २५४ यंत्रांस देतां येतात. एका गांवांत एका नंबराचे दोन गट असूं शकत नाहींत, तसेंच एक पत्ता दोन यंत्रांस चालत नाहीं.

खासगी वापरासाठीं पत्त्यांच्या तीन पट्ट्या राखून ठेवाव्या असा नियम १९९६ सालीं ठरला आहे: १० नें सुरू होणारी, १७२.१६ ते १७२.३१ पर्यंतची, आणि १९२.१६८ ची. त्यामुळें शेजारच्या गांवच्या योजनेंतही १९२.१६८.१.१० हाच पत्ता असला तर त्यांत बिघडत नाहीं. गट नंबर एक प्रत्येक गांवीं असतोच.

याशिवाय यंत्रास दुसरी एक खूण असते, तिला मॅक पत्ता म्हणतात. ती कारखान्यांतच ठरते व यंत्राच्या अंगावर चिकटविलेल्या चिठ्ठीवर बारा अक्षरांत छापलेली असते; ० ते ९ हे आंकडे व ए ते एफ हीं अक्षरें तींत येतात. एकत्रीकरणांत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, तरी जमीन तीच राहिली. त्याप्रमाणें आयपी पत्ता बदलतां येतो, मॅक पत्ता यंत्राबरोबर जन्मतो. ही चिठ्ठी पॅनेल बसविण्यापूर्वींच वाचून लिहून घ्यावी. मागाहून ती भिंतीकडच्या बाजूस जाते, व आरसा धरून वाचण्याची पाळी येते.

नव्या यंत्रास पत्ता मिळतो कसा? येथें प्रत्येक कारखानदाराची रीत निराळी आहे, आणि घोळाची सुरुवात येथेंच होते. मित्सुबिशीचें एफएक्स५यू हें यंत्र कारखान्यांतून १९२.१६८.३.२५० हा पत्ता घेऊन येतें. सीमेन्सचें एस७-१२०० पत्त्यावांचून येतें, व मॅक पत्त्यावरून ओळखून त्यास पत्ता द्यावा लागतो. श्नायडरचें एम२२१ आपल्या मॅक पत्त्याच्या शेवटच्या दोन जोड्यांवरून १०.१० नें सुरू होणारा पत्ता स्वतःच बनवितें. कांहीं अमेरिकन घडणीच्या यंत्रांच्या अंगावर तीन आंकडेचक्रें असतात. त्यांवर १ ते २५४ पर्यंतचा आंकडा लावला म्हणजे १९२.१६८.१ च्या पुढें तोच आंकडा लागतो. या चक्रांची एक गंमत आहे. यंत्र तीं फक्त वीज येतांना वाचतें. पॅनेल पुसतांना कोणाचें बोट लागून चक्र फिरलें, तर त्या दिवशीं कांहींच होत नाहीं; पुढल्या महिन्यांत वीज जाऊन आली म्हणजे यंत्र दुसऱ्याच पत्त्यावर जाऊन बसतें, आणि पुसणाऱ्यावर संशय घेण्याचें कोणाच्या मनांतही येत नाहीं.

आणखी एक जात आहे, ती आमच्या संस्थेस फार महाग पडली. हीं यंत्रें नवीन असतांना स्वतःचा पत्ता जाणत नाहींत. वीज आली कीं तीं नेटवर्कवर ओरडून विचारतात, माझा पत्ता काय? या विचारण्याच्या रीतीस बूटपी म्हणतात. ती १९८५ सालची आहे. पुढें १९९३ सालीं तिच्याच पायावर डीएचसीपी ही रीत आली, तीच आज घरोघरच्या राउटरांत असते. कंत्राटदाराचा माणूस लॅपटॉपवर उत्तर देणारा लहानसा कार्यक्रम चालवितो, यंत्राची हांक ऐकतो, मॅक पत्ता जुळवून पाहतो व आयपी पत्ता देतो. यंत्र तो घेतें आणि काम सुरू होतें. परंतु येथें एक पायरी उरते. यंत्रास सांगावें लागतें कीं आतां विचारणें सोड, हाच पत्ता कायमचा धर. ही पायरी वगळली तर वीज असेपर्यंत सर्व सुरळीत चालतें. वीज गेली कीं यंत्र पत्ता टाकून देतें, व परत आली कीं पुन्हां हांका मारूं लागतें. उत्तर देणारा लॅपटॉप तर केव्हांच जिल्ह्याच्या गांवीं गेलेला असतो.

शेतीच्या वाहिनीवर पाळीनें मिळणाऱ्या विजेवर चालणाऱ्या योजनेंत याचा परिणाम काय होईल तें वाचकांनींच पाहावें. आमच्या येथें रात्रपाळीस वीज आली, पंप लागले नाहींत, आणि उसाचें व हरभऱ्याचें मिळून एक अख्खें पाळीपत्रक कोलमडलें. कंत्राटदाराचा माणूस आला, दहा मिनिटें लॅपटॉप उघडून बसला, सर्व सुरू करून गेला, व येण्याजाण्याचें बिल ठेवून गेला. पुढल्या भारनियमनांत तेंच. तिसऱ्या खेपेस त्यानें लेखी कळविलें कीं यंत्राचें नेटवर्क कार्ड कमकुवत झालें असून नवें यंत्र घ्यावें. दरपत्रक सोबत होतें. तें कमिटीपुढें येण्याआधीं आमच्याच एका सभासदाच्या, आयटीआय होऊन कारखान्यांत लागलेल्या मुलानें पॅनेल उघडून पाहिलें, आणि विचारलें, वीज जाऊन आल्यावरच हें होतें काय? दुपारीं मधूनच कधीं होत नाहीं ना? या एका प्रश्नानें प्रकरण मिटलें. कार्ड कमकुवत असतें तर तें वीज असतांनाही दगा देतें. केवळ वीज आल्यावरच पत्ता जातो, म्हणजे पत्ता कायम केलेलाच नाहीं. त्यानें ती उरलेली पायरी केली, मुख्य स्विच पाडला, पांच मिनिटें थांबून पुन्हां चढविला, आणि यंत्र आपल्या पत्त्यावर उभें राहिलें. तें आजतागायत तेथेंच आहे.

बिघाड शोधण्याचा क्रम हा असा साध्या प्रश्नांचाच आहे, व तो प्रत्येक संस्थेच्या वायरमनास येणें शक्य आहे. आधीं डोळे, मग तार, मग लॅपटॉप. यंत्राच्या तोंडाशीं, जेथें तार बसते तेथें, एक दिवा असतो. तो मुळींच लागला नसेल तर पत्त्यांचा विचारच करूं नये. तार, तिचें टोंक किंवा मधला स्विच यांत दोष आहे. उंदरांनीं कुरतडलेल्या तारेस पत्ता बदलून उपाय होत नाहीं. इथरनेट-आयपी पद्धतीच्या यंत्रांवर नेटवर्कचा आणखी एक दिवा असतो व तो फार बोलका आहे. तो विझलेला असेल तर यंत्रास पत्ताच नाहीं. हिरवा लुकलुकत असेल तर पत्ता आहे पण कोणाशीं बोलणें जुळलेलें नाहीं. स्थिर हिरवा असेल तर सर्व ठीक. लाल लुकलुकला तर जुळलेलें बोलणें तुटलें. आणि स्थिर लाल असेल तर त्याच पत्त्यावर दुसरा कोणी दावेदार बसला आहे. हे पांच अर्थ पॅनेलच्या दारावर मराठींत लिहून लावण्यास एका कागदाहून अधिक खर्च येत नाहीं. आमच्या माहितींतील फार थोड्या पंपघरांत तो कागद आहे.

दिवे ठीक असतील तर लॅपटॉप जोडावा, परंतु आधीं लॅपटॉपचा स्वतःचा पत्ता पाहावा. तो १६९.२५४ नें सुरू होत असेल तर त्याचा अर्थ लॅपटॉपनें कोणाकडे तरी पत्ता मागितला, कोणींच दिला नाहीं, म्हणून त्यानें आपल्यापुरता कामचलाऊ पत्ता घेतला. अशा परगांवच्या पत्त्यावरून पीएलसी कशी सांपडावी? लॅपटॉपला यंत्राच्याच गांवचा एखादा रिकामा पत्ता हातानें द्यावा, मास्क तोच ठेवावा, व बिनतारी जोडणी बंद करावी. ती चालू राहिली तर कधीं कधीं लॅपटॉप तारेवर विचारावयाचें तें मोबाइलच्या जोडणीवर विचारीत बसतो. मग पिंग ही आज्ञा द्यावी. हिचें काम पुकारा करणें. अमुक पत्त्यावर कोणी आहे काय, असें ती विचारते, व असल्यास उत्तर येतें. उत्तर आलें पण पडदा अद्याप फुल्याच दाखवितो, तर दोष यंत्रांत नसून पडद्याच्या मनांत यंत्राचा जो पत्ता लिहिला आहे त्यांत असण्याचा संभव फार. आणि गांवांत सर्व ठीक चालतें पण चेअरमनांच्या मोबाइलवर आंकडे दिसत नाहींत, तर गेटवेचा आंकडा पाहावा. वेस चुकली आहे.

उत्तर येतें न येतें, पुन्हां येतें, असें झालें तर तो दुहेरी पत्त्याचा प्रकार समजावा. याची परीक्षा सोपी आहे. पंप हातानें चालविण्याच्या व्यवस्थेवर घेऊन पीएलसीची वीज पाडावी व पुन्हां पिंग करावें. मालक घरीं नसतां आंतून ओ आली, तर घरांत दुसरा आहे. लॅपटॉपवरील आर्प नांवाची यादी काढली म्हणजे ओ देणाऱ्याचा मॅक पत्ता दिसतो, आणि तो आपल्या वहींतील मॅक पत्त्यांशीं ताडून पाहिला कीं घुसखोर सांपडतो. एका गटावर दोन कब्जेदारांच्या नोंदी आम्हीं कित्येक पाहिल्या आहेत. त्यांचे निकाल लागण्यास वर्षें जातात. या तंट्याचा निकाल पाऊण तासांत लागतो, पण मॅक पत्त्यांची वही असेल तर.

आमच्या परिचयाच्या एका दूध शीतकरण केंद्रांत असाच एक तंटा कित्येक महिने चालला होता. तेथील पडदा दर दहा दिवसांनीं, नेमका दुधाचा पगार वाटण्याच्या दिवशीं आंधळा होई. कोणी म्हणे गर्दीनें विजेचा दाब पडतो, कोणी म्हणे त्या दिवशीं कोणी मुद्दाम खोडी करतो. दोन संचालकांत त्यावरून बोलाचालीही झाली. खरी गोष्ट अशी निघाली कीं केंद्राच्या कचेरीचा राउटर व पीएलसी एकाच नेटवर्कवर होतीं. पीएलसीस १९२.१६८.१.२० हा पत्ता हातानें दिला होता, पण राउटरास तें कोणीं सांगितलें नव्हतें. तो आलेल्या प्रत्येक मोबाइलला पत्ते वाटीत होता. रोज चार मोबाइल, तोंवर कांहीं बिघडत नसे. पगाराच्या दिवशीं तीसचाळीस सभासद आले, कचेरीच्या बिनतारी जोडणीवर चढले, आणि त्यांतल्या एकाच्या मोबाइलला पीएलसीचा पत्ता मिळाला. त्या बिचाऱ्यास याची वार्ताही नव्हती. राउटरानें वाटावयाचे पत्ते १०० च्या पुढचेच असावे असें ठरवून दिल्यावर रोग गेला. आमच्या मतें मात्र कचेरीचें व यंत्रांचें नेटवर्क अगदीं वेगळेंच असावें. सभासदांच्या मोबाइलचें शीतयंत्राशीं काय काम आहे?

यंत्र बदलल्यावर घडणारा एक प्रकार वरवर असाच दिसतो, पण तो निरुपद्रवी आहे. नव्या पीएलसीस जुन्याचाच पत्ता दिला तरी बाकीच्या यंत्रांच्या स्मरणांत कांहीं वेळ जुना मॅक पत्ता राहतो, व तीं जुन्याच्याच नांवें पत्रें टाकीत राहतात. फेरफार मंजूर होऊन नांव लागेपर्यंत असें चालावयाचेंच. कांहीं मिनिटें थांबावें, किंवा पडदा व स्विच एकदां बंद करून चालू करावे. घाईनें पत्ता बदलूं नये.

पत्ता बदलण्याच्या या घाईविषयीं आम्हांस थोडें कठोर बोलावयाचें आहे. कित्येक माणसांस अशी खोड असते कीं आपल्या लॅपटॉपशीं जुळत नाहीं म्हणून पीएलसीचाच पत्ता बदलावयाचा. त्या क्षणीं त्यांचें काम होतें. परंतु पीएलसीचा जुना पत्ता पडद्यांत लिहिलेला असतो, दुसऱ्या पीएलसीच्या आज्ञावलींत लिहिलेला असतो, बिलें काढणाऱ्या संगणकांत लिहिलेला असतो. तीं सर्व एकाच वेळीं मुकीं होतात. पाहुण्यानें आपली चटई मावत नाहीं म्हणून घरची भिंत सरकविण्यापैकीं हा प्रकार आहे. लॅपटॉप बदलावा, यंत्रास हात लावूं नये. आणि याहून गंभीर गोष्ट ही कीं दोन पंपघरांचीं यंत्रें एका नेटवर्कवर असतां, पत्ता न तपासतां आज्ञावली उतरविली तर ती भलत्याच यंत्रांत जाऊन बसते. खालीं बसलेल्या माणसाच्या हातून वरचे वॉल्व हालतात, आणि त्या वेळीं वरच्या हौदांत कोणी उतरलेला असूं शकतो. म्हणून कोणत्याही कामाआधीं पंप हातव्यवस्थेवर, आणि दुसऱ्या ठिकाणच्या माणसास फोन, हा नियम आम्हीं आमच्या संस्थेंत ठरावानें केला आहे.

मोबाइलवर पंप पाहण्याची हौस आतां सर्वांस लागली आहे. ती वाईट नाहीं. पण त्यासाठीं कांहीं ठिकाणीं पीएलसीस सबंध जगास दिसेल असा सार्वजनिक पत्ता देऊन मोकळे होतात, हें मात्र घराचें दार काढून ठेवण्यासारखें आहे. २५ नोव्हेंबर २०२३ रोजीं अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यांतील अलिक्विपा येथील पाणीपुरवठा संस्थेच्या एका दाबकेंद्रावरील युनिट्रॉनिक्स यंत्राचा ताबा परदेशी हल्लेखोरांनीं घेतला व पडद्यावर आपला संदेश लावला. तेथील माणसांनीं यंत्र बाजूस सारून केंद्र हातानें चालविलें, म्हणून पाणी थांबलें नाहीं. त्यानंतर अमेरिकन सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनें सर्व पाणीपुरवठा संस्थांस बजावलें कीं हीं यंत्रें इंटरनेटवर उघडीं ठेवूं नका, आणि कारखान्यांतून येतो तो ११११ हा पासवर्ड बदला. आपल्याकडे किती पंपघरांत तो मूळचा पासवर्ड तसाच असेल, याचा विचार प्रत्येक चिटणिसानें स्वतःशीं करावा. बाहेरून पाहावयाचें असेल तर मध्यें कुलूपबंद वाट, म्हणजे व्हीपीएन, घालून घ्यावी.

आतां आक्षेपांकडे वळूं. पहिला असा कीं हें शेतकऱ्याचें काम नव्हे, वार्षिक देखभालीचा करार करावा व निश्चिंत असावें. करार अवश्य करावा, आमचाही आहे. परंतु करारवाला माणूस सकाळीं येतो, आणि वीज रात्रीं येते. शिवाय करार संपून दुसरा कंत्राटदार येतो, तेव्हां त्यास सहाही यंत्रांचे पत्ते नव्यानें हुडकावे लागतात व त्याचा आकार आपल्याच बिलांत पडतो. दुसरा आक्षेप कंत्राटदारांचा असतो. ते म्हणतात, माहिती दिली तर तुमचीं माणसें हात घालतील व आमची हमी राहणार नाहीं. हा आक्षेप अगदींच पोकळ आहे असें आम्ही म्हणत नाहीं. अर्धवट शिकलेल्या हाताचे उपद्व्याप आम्हींही पाहिले आहेत. पण पत्ता सांगणें म्हणजे आज्ञावली उघडी करणें नव्हे. सातबारा सर्वांस पाहावयास मिळतो म्हणून कोणी दुसऱ्याच्या रानांत नांगर घालीत नाहीं. जमिनीचा धनी खातेदार, यंत्राची धनी संस्था. मग तिच्या यंत्राचा पत्ता तिलाच मागून घ्यावा लागावा, आणि तोही दर खेपेस पैसे देऊन, हें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं.

म्हणून आमची सूचना अशी आहे. कामाचें शेवटचें बिल देण्यापूर्वीं कंत्राटदाराकडून प्रत्येक यंत्राचें नांव, जागा, घडण, मॅक पत्ता, आयपी पत्ता, मास्क, गेटवे, पत्ता कायम आहे कीं मागून घेतलेला आहे, आणि कोणतें यंत्र कोणाशीं बोलतें, हें सर्व सहीनिशीं लिहून घ्यावें, व पीएलसी आणि पडदा या दोहोंच्या आज्ञावलींची प्रत संस्थेच्या ताब्यांत घ्यावी. मग कंत्राटदाराचा लॅपटॉप काढून ठेवावयास सांगून मुख्य स्विच पाडावा, पांच मिनिटांनीं चढवावा, आणि सर्व पत्ते वहीशीं जुळतात कीं नाहीं तें कमिटीसमक्ष पाहावें. जुळले तर धनादेश. जीं कामें पूर्वींच झालीं आहेत त्यांची अशी वही देखभालीच्या कराराच्या नूतनीकरणाची अट म्हणून मागावी. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आंत घ्यावयाचीच असते; तींत हा ठराव मांडण्यास कोणाची हरकत असण्याचें कारण नाहीं.

पुढें एखादा पत्ता बदलावा लागला तर जुना आंकडा खोडूं नये. त्यावर एक रेघ मारून शेजारीं नवा, तारीख, कारण व बदलणाराची सही असावी. आमच्या संस्थेच्या वहींत आजवर अशा चौदा नोंदी झाल्या आहेत. वहीची एक प्रत पॅनेलच्या दाराच्या आंतल्या बाजूस प्लॅस्टिकच्या पाकिटांत लावली आहे. पासवर्ड मात्र तींत नाहीं. तो बंद लिफाफ्यांत चेअरमनांच्या कपाटांत असतो, आणि लिफाफा उघडला कीं पासवर्ड बदलून नवा लिफाफा करण्याचें काम वायरमनाकडे दिलें आहे.